ढोपरं टाकीला टेकतात? उंच माणसाने गाडी मापात कशी आणायची

माझी उंची सहा फूट दोन इंच. लग्नाच्या मांडवाला झावळ्या बांधायच्या असल्या, गणपतीच्या मखरावरची माळ लावायची असली की वाडीत पहिली हाक मला. कौतुक तेवढ्यापुरतंच, बाकी सगळी दुनिया साडेपाच फूटवाल्यांसाठी बनवलीय, एसटीच्या सीटपासून मोटरसायकलपर्यंत. एसटीचं आपल्या हातात काही नाही पण गाडीचं आहे, आणि ते कळायला मला दोन वर्षं आणि एक फजिती लागली म्हणून हे लिहितोय.

मी गुहागर-चिपळूण करतो, एका बाजूने साधारण ४५ किलोमीटर, आठवड्यातून चारेक वेळा. शृंगारतळीपर्यंत काही वाटायचं नाही, मार्गताम्हाणे आलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे ठणका सुरू, आणि चिपळूणला उतरलो की पहिली दहा पावलं म्हाताऱ्यासारखी. आमच्याकडे गुडघ्याला ढोपर म्हणतात, तर आईचं म्हणणं ढोपरात वात गेलाय, मित्राचं म्हणणं वजन कमी कर, आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं तुम्ही उंच आहात तर गाडी पण उंच करा, साधी गोष्ट आहे. मला पण ती साधी वाटली.

त्याने मागच्या शॉकअपला खालून एक्स्टेंडर, म्हणजे लांबी वाढवणारे तुकडे, लावले आणि गाडी मागून दीडेक इंच उचलली. दिसायला एकदम भारी. दुखणं मात्र जागच्या जागी, वर दोन नवीन भानगडी. मागून उचलल्यामुळे हेडलाइटचा झोत पार चाकापुढेच पडायला लागला, आणि साइड स्टँड होता तेवढाच राहिल्यामुळे गाडी स्टँडवर जास्त कलायला लागली. धोपाव्याहून दाभोळला जाताना फेरीबोट धक्क्याला लागली, नेहमीचाच हलका हादरा, बाकी सगळ्या गाड्या उभ्या आणि माझी शेजारच्या स्कूटरवर आडवी. आरसा भरून दिला, चार लोकांची बोलणी खाल्ली ती वेगळी. दुसऱ्याच दिवशी एक्स्टेंडर काढून टाकले.

तर मुद्दा असा की गाडी जमिनीपासून किती उंच आहे याचा तुमच्या गुडघ्याशी काही संबंध नाही. तुमचं बूड सीटवर, पाय फूटरेस्टवर, आणि दोन्ही एकाच फ्रेमला बांधलेले. ती फ्रेम उचलून गच्चीवर नेऊन ठेवली तरी सीट ते फूटरेस्ट हे अंतर तेवढंच राहणार. आणि गुडघा किती मुडपायचा हे फक्त तेच अंतर ठरवतं. जमिनीपासूनची उंची सिग्नलला पाय टेकायला कामाची, बस.

म्हणूनच माहितीपत्रकातला सीटच्या उंचीचा आकडा उंच माणसाला फसवतो. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५ आणि ती वर करून ८४५ होते. ह्यावरून वाटेल की आकडा वाढला की पाय सुटा. मग ॲव्हेंजर बघा, ७३७ म्हणजे सगळ्यात बुटकी, पण तिचे फूटरेस्ट पुढे आहेत, त्यामुळे उंच माणसाचे पाय तिच्यावर मस्त सुटे राहतात. फुकट काहीच नाही म्हणा, पाय पुढे गेले की अंगाचा सगळा भार माकडहाडावर, आणि आपले खड्डे थेट पाठीच्या मणक्यात.

आता मुडपलेला गुडघा दुखतो का? विहिरीचा रहाट डोळ्यासमोर आणा. कप्पीवरून दोर जितका जास्त वळून जातो तितका कप्पीवर दाब जास्त. मांडीच्या पुढचा स्नायू हा दोर समजा, तो गुडघ्याच्या वाटीला धरून पुढे खाली नडगीच्या हाडाला बांधलेला आहे. गुडघा जितका जास्त मुडपाल तितकी ही वाटी मागच्या हाडावर दाबली जाते, आणि तसंच तासभर बसलात की ठणका. थिएटरमध्ये अडीच तास पिक्चर बघून उठताना काहींचे गुडघे धरतात ना, डॉक्टर लोक ते लक्षण विचारतात सुद्धा, तोच हा प्रकार. शिवाय गुडघे वर आले की कंबर मागे गोल होते, पाटावर बसून भाजी चिरताना होते तशी, मग संध्याकाळी कंबर पण धरते आणि माणूस म्हणतो वय झालं.

किती मुडपतोय ते घरी मोजता येतं आणि मला ह्यात फार मजा आली. शिंप्याची टेप घ्या. कमरेच्या बाजूला, मांडी हलवली की जे हाडाचं टोक फिरताना हाताला लागतं तिथपासून गुडघ्याच्या बाहेरच्या मध्यापर्यंत एक माप. गुडघ्यापासून घोट्याच्या हाडापर्यंत दुसरं. मग गाडी डबल स्टँडवर लावायची, नेहमीचे बूट घालून नेहमीसारखं बसायचं, आणि कुणालातरी सांगायचं की कमरेच्या त्या टोकापासून घोट्यापर्यंत सरळ टेप धर. हे तिसरं. तीन बाजू मिळाल्या की त्रिकोण झाला, दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर धरून वहीत काढा आणि पोराच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने गुडघ्याचा कोन मोजा.

माझी मापं आली मांडी ४६, नडगी ४६ आणि गाडीवर बसल्यावर कमर ते घोटा ५४ सेंटिमीटर. कोन निघाला ७२ अंश. माझा धाकटा भाऊ साडेपाच फुटाच्या आतबाहेर, त्याची दोन्ही मापं ४०-४१ ची. त्याच गाडीवर तेच ५४ धरले तर त्याचा कोन ८३ च्या आसपास जातो. म्हणजे गाडी तीच, रस्ता तोच, आणि माझा गुडघा त्याच्यापेक्षा ११ अंश जास्त मुडपलेला. आई उगाच वाताला दोष देत होती.

नव्वद अंश करायच्या मागे लागू नका हा, आपल्या नेहमीच्या गाड्यांवर उंच माणसाला ते जमत नाही आणि गरज पण नाही. माझ्या हिशोबाने ह्या मापाच्या पायाला कमर ते घोटा अंतर एक सेंटिमीटरने वाढलं की कोन दीडेक अंशाने उघडतो. मला ऐंशीच्या वर गेलो तसं बरं वाटलं. तुमचा आकडा थोडा वेगळा असेल.

हे अंतर वाढवायच्या मुख्य वाटा तीन, बूड वर न्या, बूड मागे न्या, नाहीतर पाय खाली न्या. सगळ्यात आधी बूड मागे, कारण फुकट आहे. बरेच जण टाकीला चिकटून बसतात, मी पण तसाच. का, तर सीटला मध्ये खोलगट घळ असते आणि जुना फोम बसला की ती अजून खोल होते, तुम्ही कितीही मागे सरका, पुढच्या ब्रेकला पुन्हा घसरून टाकीजवळ. म्हणून पहिलं काम सीटचं, आणि खर्च बघता खरं काम पण तेच.

सीटवाल्याकडे जाल तेव्हा नुसतं उंच कर म्हणू नका, घळ भरून सपाट कर आणि पुढचा उतार काढ असं सांगा. चिपळूणला मी समोर बसून करून घेतली. त्याने आधी खालच्या पिना स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्या, निम्म्या गंजून हातातच तुटल्या, आपली खारी हवा. कव्हर काढलं तर फोम नुसता ओला, मे महिन्यात! मागच्या पावसाळ्यात शिलाईतून मुरलेलं पाणी आत तसंच. मग कळलं की कोरड्या दिवशी पण पँटीला मागे ओला डाग कुठून यायचा आणि ऑफिसात लोक गालातल्या गालात का हसायचे. फोम दोन दिवस उन्हात वाळवला, मग घळीत कडक फोमचा तुकडा सोल्युशनने चिकटवला, वर थोडा मऊ थर, हॅक्सॉच्या ब्लेडने कडा तासल्या, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग रेक्झिन. तो प्लॅस्टिकचा कागद कोकणात विसरायचा नाही, आणि पिना स्टीलच्या मारायला सांगायच्या, दोन रुपये जास्त घेईना का.

फोम किती घालायचा? बसलं की तो दबतो, म्हणून हव्या त्यापेक्षा थोडा जास्त. मी चार सेंटिमीटर घातला, बसल्यावर हातात तीन राहिले. नुसता मऊ फोम घातलात तर दुकानात गादीसारखा लागेल आणि दोन महिन्यांत होती ती घळ परत तयार. सपाट झाल्यामुळे मी तीन सेंटिमीटर मागे पण सरकलो. परत टेप लावली, ५४ चे ५८ झाले, कोन ७८. म्हणजे फूटरेस्टला हात न लावता सहा अंश सुटले.

ज्यांना एवढ्याने भागतं त्यांनी इथेच थांबावं, खरंच. फूटरेस्ट खाली घेणं म्हणजे एकाला हात लावला की त्याचे चार भाऊबंद उठतात.

काय होतं, फूटरेस्ट खाली गेलं की गिअर आणि ब्रेकचं पेडल जागेवरच राहतं, मग पंजा वर उचलून धरावा लागतो आणि गुडघ्याचं दुखणं घोट्यात उतरतं. म्हणून ते पण खाली आणायचं. गिअरचा दांडा ज्या शाफ्टवर बसतो त्याला बारीक दाते असतात, दांडा काढून एक दाता फिरवून परत बसवायचा. बऱ्याच गाड्यांत तो बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, शाफ्टला खाच असते त्यातून तो जातो, पूर्ण काढल्याशिवाय दांडा निघत नाही, उगाच हातोडी मारत बसू नका. जुन्या जागेला आधी नेलपॉलिशचा ठिपका द्या म्हणजे फसलात तर परतीची वाट आहे. टाच-पंजावाला दांडा असेल तर पुढचं टोक खाली आलं की मागचं वर येतं, आणि ११ नंबरचा बूट असलेल्या माणसाचं पाऊल त्या फटीत अडकतं, तिथे नुसता पंजावाला दांडा मिळत असेल तर तो बरा.

ब्रेकबद्दल जरा गंभीरपणे. ड्रम ब्रेक असेल तर पेडलखालचा स्टॉपरचा बोल्ट फिरवून ते खाली घेता येतं, पण त्याबरोबर मागच्या चाकाजवळच्या दांडीचा नट पण परत लावावा लागतो, पेडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल, म्हणजे ब्रेक धरायच्या आधीची रिकामी हालचाल, राहिली पायजे. नंतर चाक उचलून हाताने फिरवून बघा, ब्रेक घासतोय का. आणि मागचा लाल लाइट वेळेवर लागतो का ते पण, त्याच्या स्विचला वेगळा नट असतो, तो सगळे विसरतात. मागे डिस्क असेल तर स्वतः हात घालू नका. तिथे मोकळी चाल संपली तर डिस्क धरून राहते, तापते आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. कुंभार्ली घाट उतरताना असलं काही नको.

खुद्द फूटरेस्ट खाली घ्यायला ब्रॅकेट मिळतात, दोन-तीन सेंटिमीटरचे. गावात लोखंडाची पट्टी वेल्डिंग करून पण देतात. मी ते नको म्हणेन. तुम्ही खड्ड्यावर उभे राहता तेव्हा अख्खं वजन त्या टोकावर येतं आणि जितकं खाली न्याल तितका बोल्टवर पीळ जास्त. बोल्ट कडक प्रतीचा घ्या, डोक्यावर ८.८ लिहिलेला, आट्यांना ग्रीस लावून, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो तिथेच गंजून बसेल. आणि फूटरेस्ट दुमडणारं असेल तर ब्रॅकेट लावल्यावरही ते तसंच वर-मागे दुमडलं पायजे. जमिनीला लागलं तर ते दुमडून जातं म्हणून आपण वाचतो, घट्ट राहिलं तर तेच टेकू बनून गाडी उचलून टाकतं. वळणावर गाडी तिरकी केली की आता ते आधीपेक्षा लवकर टेकणार हे डोक्यात ठेवायचं. मला घाटात कधी टेकलं नाही, टेकलं ते घरच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत वळताना, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खालच्या चिऱ्याला. जांभ्याची लाल रेघ आहे अजून त्यावर. पाखाडीवरून गाडी खाली नेणाऱ्यांनी तर हा नाद करूच नये, पायऱ्यांची टोकं आधीच वाट बघत असतात.

मी दोन सेंटिमीटरच खाली घेतलं. टेप लावली, कमर ते घोटा ६०, कोन ८१. मार्गताम्हाणे आलं कधी आणि गेलं कधी.

आता हँडल. तुम्ही वर आणि मागे गेलात की हात लांब पडतात, कंबर पुढे वाकते, आणि नकळत तुम्ही परत पुढे सरकता, म्हणजे सगळं मुसळ केरात. आधी फुकटचा उपाय, क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं आपल्याकडे फिरवा. त्याने भागलं नाही तर दोन-तीन सेंटिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे. लावल्यावर हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघायचंच, गाडी चालू ठेवून. वळवताना इंजिन आपोआप रेस झालं तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, आणि यू टर्न घेताना गाडी स्वतःहून पळाली तर समोर काय असेल ते असेल. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइप पण तसाच बघा, ताठ झाला तर लांब घाला नाहीतर रायझर परत करा. वळवताना हँडलचं टोक गुडघ्याला लागतंय का, हे पण उंच माणसाने बघायचं, बाकीच्यांना हा प्रश्न पडत नाही.

लेगगार्डवर पाय पुढे टाकायला जादा फूटरेस्ट लावतात ते सरळ रस्त्याला छान. हायवे ६६ चा एखादा चांगला झालेला पट्टा लागला की पाच मिनिटं पाय लांब, स्वर्गसुख. पण तिथून ब्रेकपर्यंत पाय यायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे म्हैस कुठून येईल सांगता येत नाही. शृंगारतळी, घाट, बाजारपेठ आली की पाय जागेवर.

फुकटचं अजून एक. फूटरेस्टवर पंजाऐवजी पावलाचा मधला भाग ठेवलात तर पाय पुढे जातो आणि गुडघा तेवढाच उघडतो. फक्त उजवा पंजा ब्रेकवर टेकून राहत नाही ना बघा. दर पंधरा-वीस मिनिटांनी एखाद्या स्पीड ब्रेकरला जरा उभं राहायचं, पाय सरळ. पावसाळ्यात रेनकोटची पँट एक साइज मोठी, कारण गुडघा मुडपला की ती तिथेच ताणते आणि ऐंशी अंश असूनही पाय बांधल्यासारखा वाटतो, हे मला तिसऱ्या पावसात कळलं.

हे सगळे बदल एकाच रविवारी करू नका. एक करा, आठवडा चालवा, टेप लावा, मग पुढचा. नाहीतर बरं कशाने वाटलं आणि नवीन दुखणं कशाने आलं ते कळत नाही. आणि आरसीवर लिहिलेली माहिती बदलेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, त्यामुळे फ्रेम कापणं, जोडणं असल्या भानगडीत पडायचं नाही. एवढं करूनही गुडघा सुजत असेल किंवा पायाला मुंग्या राहत असतील तर सीटवाला सोडा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा.

एक चूक अजून सांगायची राहिली. पहिल्यांदा सीट वाढवली तेव्हा पुढचं टोक पण रुंदच ठेवलं. मला काय, माझे पाय पोचतात. गणपतीला भाऊ मुंबईहून आला, नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन बाजारात निघाला, बेड्यापाशी थांबायला गेला आणि एका पायावर लंगडत गडग्याला टेकला. "दादा, ही गाडी आहे का माडी?" सीट वर गेली तेवढी गेलीच होती, पण टोक रुंद असल्यामुळे मांड्या फाकत होत्या आणि पाय अजून आखूड पडत होते. मग सीटवाल्याकडून टाकीजवळचा भाग दोन्ही बाजूंनी तासून निमुळता करून घेतला, उंची तीच राहिली पण पाय सरळ खाली जायला लागले. तरी भावाचे फक्त चवडेच टेकतात. आणि आईची तक्रार वेगळीच, मागची सीट आणि पुढची एका पातळीत आल्यामुळे ब्रेक मारला की ती सरकून माझ्या पाठीवर येते, एका बाजूला बसणाऱ्या बाईला ते बरं नाही. म्हणून दोन सीटमधली पायरी थोडी परत करून घेतली.

शेवटी भंगारवाल्याकडून त्याच गाडीची एक जुनी सीट उचलली आणि ती कंपनीच्या मापात ठेवून दिली, हे खरं तर मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. माझ्या गाडीला सीट दोन बोल्टांवर आहे, १० नंबरचा पाना, पाच मिनिटांचं काम. चतुर्थीच्या आदल्या रात्री माळ्यावरून ती काढतो, धूळ पुसतो आणि बदलून ठेवतो. पाच दिवस गाडी भावाची. गौरी-गणपती गेले की तो मुंबईच्या गाडीत आणि मी खळ्यात पाना घेऊन.